सहा घोड्यांची होडी

वसईच्या किनारपट्टीवर जन्मलेल्या माणसाला समुद्र नवा नसतो, असा एक समज आहे. माझ्या बाबतीत तो तितकासा खरा नाही. आमचे घर बागायतदाराचे. समुद्राची गाज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकू येई. परंतु होडीत पाय ठेवण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्याच वेळी, आणि तोही पाहुणा म्हणून. पुढे गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास झाला, गुरुदीक्षा झाली, आणि एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात अशी बदल्यांची वर्षे गेली. या साऱ्या काळात यंत्राशी माझा संबंध स्कूटरच्या किकपलीकडे कधी गेला नाही. अशा माणसावर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका रबरी होडीसाठी यंत्र निवडण्याची पाळी आली. ती मी कशी पार पाडली, किंबहुना पहिल्या खेपेस कशी बिघडवली, ते येथे सांगावेसे वाटते.

माझे सध्याचे कार्यक्षेत्र डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत विखुरलेले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, त्याच्या उत्तर टोकाचा हा मुलूख. डहाणूकडे चिकूच्या वाड्या, खाडी आणि मच्छीमार बांधवांची वस्ती. तलासरीकडे डोंगर, वारली पाडे आणि मधून धावणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. तलासरीलाही समुद्र आहे, परंतु तो झाईसारख्या गावापुरता. बाकीचा तालुका डोंगराकडे तोंड करून बसलेला. त्यामुळे आमच्या तरुण मंडळात दोन प्रकारची मुले आहेत. डहाणूची मुले भरती-ओहोटी घड्याळासारखी वाचतात. तलासरीची मुले महामार्गावरच्या ट्रकच्या नुसत्या आवाजावरून तो कितव्या गिअरमध्ये आहे हे सांगतात.

१३ जानेवारी २०१८ हा दिवस डहाणूकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रात गेलेली एक बोट डहाणूच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर उलटली. मच्छीमार आणि तटरक्षक दल धावून गेले आणि बहुतेक मुले वाचली. परंतु तीन विद्यार्थिनी परत आल्या नाहीत. बोटीत क्षमतेहून अधिक मुले चढली होती आणि अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून आले. त्या मुलींपैकी कोणी आमच्या मंडळातल्या मुलांच्या ओळखीच्या ओळखीतली होती. लहान गावात दुःख असेच हातोहात घरोघर पोहोचते. ‘आपल्याकडे एक लहानशी होडी असावी, चार जाकिटे असावीत, वेळप्रसंगी कोणाच्या उपयोगी पडता यावे,’ हा विचार मुलांच्या मनात तेव्हापासून होता. मी या धर्मग्रामात आलो तेव्हा तो माझ्याही कानावर घालण्यात आला.

योग असा की, माझा वसईचा एक बालमित्र व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाला होता. त्याच्याकडे हवा भरून फुगवायची एक रबरी होडी घडी करून पडलेली होती. मोठी नौका खोल पाण्यात नांगरून ठेवली की तिच्यापासून काठापर्यंत माणसांची ने-आण करायला अशी होडी वापरतात. ‘घरात उंदीर कुरतडण्यापेक्षा तुझी मुले वापरतील,’ असे म्हणून त्याने ती टेम्पोत घालून पाठवून दिली. लांबी ३.१ मीटर, म्हणजे दहा फुटांहून थोडी अधिक. मागे यंत्र लावण्यासाठी एक आडवी फळी, आणि त्या फळीवर नखाएवढ्या अक्षरांचे एक फलक: माणसे ४, एकूण भार ५५० किलो, यंत्र जास्तीत जास्त ७.४ किलोवॅट. यंत्र मात्र होडीसोबत नव्हते.

येथून वादाला सुरुवात झाली.

तलासरीचा एक मुलगा महामार्गावरच्या गॅरेजात काम करतो. हात सोन्याचे, स्वभाव उतावळा. किलोवॅटला १.३६ ने गुणले की हॉर्सपॉवर निघते, हा हिशेब त्याने तोंडी केला आणि ‘दहा घोडे’ असे जाहीर केले. पण लगेच पुढे म्हणाला, “फादर, कंपन्या नेहमी कमीच लिहितात. दहा टनांच्या ट्रकमध्ये लोक पंधरा टन घालतात, चालतोच की नाही? टीव्हीवर पुरात बघा, जवानांच्या रबरी होड्या कशा उडतात! आपल्याला पंधरा घोड्यांचे मशीन पाहिजे.” पंधरा घोड्यांचे एक जुने यंत्र ओळखीच्या एका फायबरच्या होडीवरून उसने मिळतही होते. डहाणूची मुले थोडी कुरकुरली. खाडीवरचा एक वयस्कर तांडेल आमच्या अंगणात नारळ उतरवायला आला होता. त्याने होडीभोवती एक फेरी मारली, फळी हाताने हलवून पाहिली आणि मला विचारले, “फादर, न्यायचे काय आणि कुठे?”

मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ‘गरज पडेल तसे,’ असे काहीतरी मी बोललो. तो हसला आणि नारळांचे पैसे घेऊन गेला. खरे सांगायचे तर तो प्रश्न मला थोडा अडाणीपणाचाही वाटला होता. माझ्या मनात पंधरा घोड्यांचे चित्र बसले होते. खाडीच्या तोंडातून पाणी कापत जाणारी आमची होडी, काठावर उभे असलेले लोक, आणि ‘चर्चच्या मुलांची होडी आहे’ असे त्यांचे शब्द. माणसाची हौस आणि मोठेपणा यांना वयाची अट नसते, आणि अंगावर झगा असल्याने ती दोन्ही कमी होतात असेही नाही. मी ‘एकदा लावून तर पाहू’ म्हणालो. धर्मगुरूचे ‘पाहू’ हे शब्द मुले ‘होय’ असेच ऐकतात, हे मला ठाऊक असायला हवे होते.

चाचणीचा दिवस रविवार होता. दुपारची वेळ, ओहोटी नुकतीच लागलेली, पश्चिमेकडून बऱ्यापैकी वारा. खाडीच्या शांत भागात होडी उतरवली. यंत्र फळीवर चढवताना दोघांना घाम फुटला, आणि ते चढताच होडीची मागची बाजू पाण्यात बसली. यंत्राचा दांडाही फार खाली जात होता, कारण तो उंच काठाच्या होडीसाठी बनवलेला होता. यंत्राच्या मुठीपाशी लाल रंगाची एक गुंडाळलेली दोरी लोंबत होती. “ही कशाची रे?” मी विचारले. “मशीन बंद करायची, फादर. हाताला बांधतात. ती नंतर लागेल,” मुलगा म्हणाला. मी गप्प बसलो.

दोघे मित्र काठावर थांबले आणि तो एकटाच मागे बसून निघाला. पन्नास पावले गेल्यावर त्याने मूठ पूर्ण फिरवली. होडीचे पुढचे टोक एकदम आकाशाकडे उठले. पुढे भार नव्हता, मागे यंत्र आणि माणूस. वाऱ्याने खालून धक्का दिला. त्याचा मुठीवरचा हात सुटला, यंत्र एका अंगाला वळले, होडीने गर्रकन वळण घेतले आणि तो पाण्यात फेकला गेला. होडी मात्र थांबली नाही. रिकामी होडी चालू यंत्रानिशी त्याच्याभोवती घिरट्या घालू लागली, आणि प्रत्येक घिरटीत तो पंखा त्याच्या जवळून जाऊ लागला. काठावर आम्ही ओरडण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. मुलगा कुर्झे धरणाच्या पाण्यात पोहायला शिकलेला. त्याने बुडी मारली, पुन्हा वर आला, पुन्हा बुडी मारली. ते सारे अर्ध्या मिनिटाचे असेल. माझ्या आयुष्यात इतके लांब अर्धे मिनिट दुसरे नाही.

शेवटी ज्या लांब दांड्याला आम्ही बोल लावत होतो, तोच चिखलाच्या बांधावर आदळला आणि यंत्र बंद पडले. मुलाच्या पोटरीला जखम झाली होती. आठ टाके पडले. हाड वाचले, पाय वाचला, मुलगा वाचला. लाल दोरी अजूनही मुठीला तशीच गुंडाळलेली होती. ती मनगटाला बांधलेली असती, तर तो पाण्यात पडता क्षणी झटक्याने निघाली असती आणि यंत्र त्याच क्षणी थांबले असते. त्या दोरीचे काम एवढेच असते.

संध्याकाळी मी त्याच्या घरी तलासरीला गेलो. त्याची आई चुलीपाशी बसली होती. तिने मला बसायला खाट दिली, चहा दिला. मी क्षमा मागू लागलो. ती कोणताही राग न धरता म्हणाली, “फादर, तुम्ही तिथे आहात म्हणून मी त्याला सोडला होता.” या वाक्याला उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर महामार्गाच्या कडेला मी काही वेळ गाडी थांबवून बसलो. ट्रक जात होते, मर्यादेहून जास्त भार लादलेले.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांच्या नीतिशास्त्रातील विवेक हा सद्‌गुण शिकवला गेला होता. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे. समोरच्या नेमक्या कृतीत योग्य तेच करण्याची बुद्धी म्हणजे विवेक. म्हणून विवेकी माणसाला सामान्य तत्त्वे ठाऊक असून भागत नाही, समोरच्या विशिष्ट गोष्टीही ठाऊक असाव्या लागतात. आणि त्या कोणा एकाला साऱ्या ठाऊक असणे शक्य नसल्याने, जाणत्यांकडून शिकून घेण्याची तयारी हाही विवेकाचाच एक भाग आहे, असे अक्वायनस सांगतात. त्या रात्री मला तो नारळवाला तांडेल आठवला. त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, आणि मी त्याला नारळांचे पैसे देऊन वाटेला लावले होते.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः खाडीवर त्याच्या घरी गेलो. वसईहून इंजिनिअर मित्रालाही बोलावून घेतले. पायाला पट्टी बांधलेला मुलगा, डहाणूची दोन मुले, तांडेल, माझा मित्र आणि मी असे आम्ही व्हरांड्यात बसलो. मध्यभागी होडी, एक मोजपट्टी आणि शेजारच्या चिकूवाडीतून आणलेला वजनकाटा. चिकूंच्या पेट्या ज्या काट्यावर चढतात त्यावर त्या दिवशी माणसे चढली.

तांडेलाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आम्ही उत्तर शोधले. माणसे जास्तीत जास्त चार. अंतर काठापासून नांगरलेल्या बोटीपर्यंत, फार तर खाडीच्या पलीकडच्या काठापर्यंत. खुल्या समुद्रात जायचे नाही. पावसाळ्याच्या उसळीत तर मुळीच नाही. वाटेत आडवे येणार ते खाडीचे पाणी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या ओहोटीला ते माणसाच्या भरभर चालीइतके धावते, असे तांडेलाचे म्हणणे. हे सारे कागदावर आले तेव्हा निम्मा वाद आपोआप संपला.

मग काट्यावरचा हिशेब झाला. चार माणसे मिळून २६० किलो. होडी स्वतः सुमारे ४५ किलो. यंत्र, पेट्रोल, नांगर, वल्ही, जाकिटे धरून आणखी ६०. एकूण ३६५ किलो. फलकावरच्या भारात हे बसत होते. परंतु माझ्या मित्राने मुलाला एक वेगळाच प्रश्न घातला. “होडी पाण्यातून दोन प्रकारे जाते. एक, पाणी बाजूला सारत. दुसरे, पाण्याच्या पाठीवर चढून घसरत. तुला यातले कोणते हवे?” मुलगा म्हणाला, “घसरत.” मित्र म्हणाला, “मग ढोबळ हिशेब असा की, दर पंचवीस किलोंना एक घोडा लागतो. भाग दे.” मुलाने भाग दिला. साडेचौदा आले. त्याचे डोळे चमकले; पंधरा घोड्यांचा त्याचा हट्ट जणू गणितानेच खरा ठरवला होता.

“आता फलक वाच,” मित्र म्हणाला. फलकावर दहा घोडे होते.

येथे आम्हां सर्वांना प्रथमच नीट उमगले. चार माणसांना घेऊन ही होडी पाण्यावरून उडवायची असेल तर पंधरा घोडे लागतील, आणि पंधरा घोडे सोसण्यासाठी ती बनलेलीच नाही. तिची मागची फळी रबराच्या नळ्यांना चिकटवलेली असते. यंत्राचे वजन आणि त्याचा रेटा या दोन्हींचा ताण तिथेच येतो. जवानांच्या होड्या लांब, जाड तळाच्या आणि मोठ्या यंत्रासाठीच घडवलेल्या असतात. तेव्हा आमच्या होडीने चार माणसे घेऊन उडायचेच नाही, हाच निष्कर्ष उरला. फलकावरचा आकडा ही शिफारस नसून कमाल मर्यादा असते. घराच्या दारावर उंची सहा फूट असली म्हणून आतल्या प्रत्येकाने सहा फूट असायला हवे असे नाही.

उडायचे नाही, तर मग पाणी सारत किती वेगाने जाता येईल? त्याचेही गणित आहे. होडी चालताना स्वतःची एक लाट उठवते आणि वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते. लाट होडीइतकी लांब झाली की होडीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. तेथून पुढे कितीही घोडे लावले तरी ते पाणी खणण्यातच खर्च होतात. पाण्यात असलेल्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. आमच्या होडीचे नऊ फूट पाण्यात, वर्गमूळ तीन, म्हणजे सुमारे चार नॉट, तासाला साडेसात किलोमीटरच्या आत. एवढ्यासाठी शांत पाण्यात अडीच घोड्यांचे यंत्रही पुरते.

“मग अडीचचेच घेऊ,” मी म्हणालो. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यावर तांडेलाने मान हलवली. “फादर, ओहोटीचे पाणी समोरून आले, वर वारा आला, आणि तुमच्याकडे राखीव काही नसले, तर तुम्ही जागच्या जागी नाचत राहाल. वर पेट्रोल संपेल.” माझ्या मित्राने भर घातली की, इतक्या लहान यंत्रांपैकी अनेकांना मागे जाण्याचा गिअर नसतो, यंत्रच गोल फिरवून मागे यावे लागते. बोटीच्या कडेला लागताना नवशिक्याच्या हातून तेथेच घोटाळा होतो. फार मोठे यंत्र जसे धोक्याचे, तसे फार लहानही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण पाय पोटाशी घेऊन रात्र काढणे हाही त्या म्हणीचा अर्थ नव्हे.

राहिला प्रश्न चार ते दहा घोड्यांमधला. येथे तांडेलाने निर्णायक मुद्दा मांडला, आणि तो कोणत्याही फलकावर लिहिलेला नव्हता. “डहाणूला ओहोटी लागली की पाणी किती लांब जाते ते तुम्ही बघता. होडी चिखलात बसते. मशीन काढून खांद्यावर घेऊन काठाला यावे लागते. तुमची पोरे काय उचलू शकतात ते आधी बघा.” माझ्या मित्राने वजने सांगितली. चार टप्प्यांचे, ज्याला फोर-स्ट्रोक म्हणतात ते, पंधरा घोड्यांचे यंत्र सुमारे ५० किलो. दहाच्या आतबाहेरचे सुमारे ४०. सहाचे सुमारे २७. आणि गंमत अशी की, चार, पाच व सहा घोड्यांची यंत्रे बहुतेक कंपन्या एकाच सांगाड्यावर बनवतात; वजन जवळजवळ तेच राहते. मग वजन न वाढवता जेवढी ताकद पदरात पडते तेवढी घ्यावी. मुलाने मुकाट्याने २७ किलो तांदूळ पोत्यात भरून ते खांद्यावर घेतले आणि लंगडत अंगणात एक फेरी मारली. “जमेल,” तो म्हणाला. सहा घोडे ठरले.

१९०९ मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने मागे टांगायचे यंत्र विक्रीला आणले, तेव्हा ते दीड घोड्याचे होते आणि त्याचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते, असे माझ्या मित्राने नंतर सांगितले. एका शतकात त्याच वजनात चौपट घोडे आले. उचलणाऱ्याचा खांदा मात्र तेव्हा होता तेवढाच राहिला आहे.

बाकीच्या गोष्टी त्यानंतर सोप्या झाल्या. मागच्या फळीची उंची मोजपट्टीने मोजली. पंधरा इंच भरली. यंत्राचे दांडे साधारणतः दोन मापांचे मिळतात, आखूड म्हणजे १५ इंच आणि लांब म्हणजे २० इंच. आम्हांला आखूड हवा होता. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता ओरडतो; फार खाली गेली तर पाणी उडते आणि उथळ खाडीत पंखा चिखल घुसळतो. पंख्याच्या पात्यांचा पीळ भार वाहणाऱ्या होडीला कमी असावा, जसा घाट चढणाऱ्या ट्रकला खालचा गिअर. ही उपमा अर्थातच आमच्या गॅरेजवाल्या मुलाची. पेट्रोलचा नियम तांडेलाचा: एक भाग जायला, एक भाग यायला, आणि एक भाग देवाच्या नावाने तसाच ठेवायचा. यंत्र चालू असताना त्याच्या मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती थांबली तर गाळ अडकून यंत्राला थंड करणारे पाणी बंद झाले असे समजावे आणि ताबडतोब यंत्र बंद करावे. डहाणूच्या गढूळ पाण्यात ही धार पाहण्याची सवय सर्वांत मोलाची. घरी आल्यावर गोड्या पाण्याने यंत्र आतून धुवावे. आणि लाल दोरी. तिच्याबद्दल कोणाला काही सांगावे लागले नाही. आवश्यक ते कागद बंदर खात्याच्या कार्यालयात विचारपूस करून पूर्ण केले, आणि मगच होडी पुन्हा पाण्याला लागली.

या काळात मला आणखी एका धर्मगुरूची आठवण होत असे. फादर पिएर जिले हे बेल्जियमहून आलेले; १९७० च्या दशकात कन्याकुमारी जिल्ह्यातील मच्छीमारांसोबत राहून त्यांनी प्लायवूडच्या होड्या घडवण्याचे काम उभे केले. त्या किनाऱ्यावर होडी लाटांतून ढकलून न्यावी आणि वाळूवर ओढून आणावी लागते. तेव्हा होडी आणि तिचे यंत्र माणसांच्या खांद्यांना पेलेल असेच हवे. पुढे केरळच्या काही भागांत मच्छीमारांमध्ये यंत्रांची चढाओढ लागली. शेजाऱ्याने पंचवीस घोडे लावले की याने चाळीस लावायचे, मग एकाच होडीला दोन-दोन यंत्रे. मासे तेवढेच; वाढले ते इंधन आणि कर्ज. त्याच केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून गावागावांत नेल्या आणि हजारोंना छपरांवरून उतरवले. यंत्र तेच असते. कशासाठी हे ठरलेले असले की ते तारते, आणि शेजाऱ्याकडे पाहून घेतले की बुडवते.

गालील सरोवरावरच्या त्या दोन होड्यांवर मी आजवर अनेक प्रवचने केली आहेत. माशांच्या भाराने त्या बुडू लागल्या होत्या, असे शुभवर्तमान सांगते. मी नेहमी माशांच्या विपुलतेवर बोललो. होड्यांच्या काठाशी आलेल्या पाण्यावर कधी बोललो नाही. आता त्या उताऱ्यापाशी आलो की मला तांडेलाचा आवाज ऐकू येतो.

गेल्या ऑगस्टमध्ये होडीचा पहिला खरा उपयोग झाला. खाडीत नांगरलेल्या एका बोटीवर एका खलाशाला ताप भरला होता, आणि त्याला काठाला आणायचे होते. आमची मुले तयार झाली. दोघे जाणार, खलाशी आणि त्याचा भाऊ येणार, चार माणसे. मीही छत्री घेऊन काठावर गेलो होतो. खलाशाला धीर द्यावा, म्हणून होडीत एक पाय टाकला.

गॅरेजवाला मुलगा मागे बसलेला होता. लाल दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली होती. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि फलकाकडे बोट दाखवले.

“फादर, तुम्ही काठावर थांबा,” तो म्हणाला.

मी पाय मागे घेतला. सहा घोड्यांची ती होडी माणसाच्या भरभर चालीने, फारसा आवाज न करता, पावसातून पलीकडे गेली आणि चार माणसांना घेऊन परत आली. मी काठावर उभा होतो.